दोन सेकंदांचं काम

बेटावरचा प्रसूती कक्ष बंद झाला त्या आठवड्यात
ओइल्मे तो लॅपटॉप कापडी पिशवीतून घेऊन आली.
वर काळ्या पावाची एक लादी, धुरावलेल्या माशांचा डबा;
फुकट नको, हे न बोलता सांगणारं सामान.

"सगळ्या नोंदी तालिनला पोचल्यात," ती म्हणाली.
"आता यात काही राहायला नको."
"डिलीट केलंस?" वाइदोनं विचारलं.
"तीनदा. मग कचराकुंडीही रिकामी केली."

तो हसला नाही.
डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढणं,
घरातली माणसं घरातच असतात.
जुन्या फिरत्या डिस्कवर निदान वरून गिरवता यायचं,
रात्रभर शून्यावर शून्य, उजाडेपर्यंत करकर.
ही चिप लबाड.
लिही म्हणावं तिथे लिहीत नाही,
झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून
दरवेळी नवी जागा धरते
आणि जुनं पान कुठल्याशा कोनाड्यात
तसंच पडून राहतं.

"म्हणजे हातोडा?"
"शाळेच्या ग्रंथालयाला द्यायचाय ना?
मग तिलाच सांगायचं. तूच विसर म्हणून."

त्यानं आज्ञा टाइप केली.
उत्तर आलं: फ्रोझन.
बाहेर खाडीही गोठलेली, दोन दिवस बोट नाही.
"बघ," ओइल्मे म्हणाली, "तिलाही जायचं नाहीये."
"सुरू होताना मशीनच तिला गोठवतं,
कुणी भलत्यानं पुसू नये म्हणून.
एकदा झोपवून उठवलं की ऐकते."

त्यानं लॅपटॉप झोपवला.
दिवा मंद लुकलुकत राहिला.
ओइल्मेचा हात आपसूक झाकणावर गेला,
बोटं पसरलेली, किंचित उजवीकडे सरकत,
तीस वर्षं जायचा तसा.
झोपलेल्याला जागं करता येतं,
सोंग घेतलेल्याला नाही.
हिनं सोंग घेतलं नव्हतं.

उठल्यावर आधी पासवर्ड द्यावा लागतो.
पुसायचं तर पहिल्यांदा कुलूप, असा तिचा नियम.
"काहीही सांग," वाइदो म्हणाला, "तोही जाणारच."
ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली.
मग म्हणाली, "तीन हजार दोनशे दहा."

त्यानं मान वर केली नाही.
आकडा त्याला पाठ होता:
दोन हिवाळ्यांपूर्वी, पहाटे पावणेपाचला, ग्रॅममध्ये.
घरी आता ती खुर्च्या ढकलत हिंडते.

एंटर.

ना धूर, ना आवाज.
"झालं?"
"झालं."
"एवढंच? मला वाटलं
निदान कळा तरी येतील."

त्यानं मधूनमधून कुठलीही जागा उघडून पाहिली,
शून्य, शून्य, पुन्हा शून्य,
आणि तरी आणखी एकदा पाहिली.

ओइल्मेनं पिशवीची घडी घातली, टोपी कानांवर ओढली.
दारातून म्हणाली,
"पाव आजच संपवा.
उद्या दगड होईल."