उधारीचं बटण

नारीनच्या शाळेत टॅबलेट नऊ, मुलं एकवीस.
बाहेर उणे अठरा.
साल्कीनबाई म्हणतात, चला, दुकानं उघडा.

उर्मातने पडद्यावर कुरुत मांडलं,
खारट गोळ्या, चुन्यासारख्या पांढऱ्या.
भवानी झाली. खण्णकन वाजलं नाणं,
जिथे नाणं नव्हतंच तिथे.
गिऱ्हाइकं येतात ती घासाघीस करत नाहीत,
बाहीला नाक पुसत नाहीत,
एकही विचारत नाही, आईचं दुखणं कसंय आता?

तिसऱ्या आठवड्यात लाल अक्षरं: दिवाळं.

"बाई, यात उधारीचं बटण कुठाय?"
बाईंनी वरखाली सरकवून पाहिलं.
सेटिंग्जमध्येही नव्हतं.

बसस्टँडवर त्याची मावशी
जुन्या बाबागाडीतून कुरुत विकते.
तिच्या वहीत नावं आहेत, आकडे थोडेच;
बऱ्याच नावांपुढे नुसतं: मेंढ्या विकल्यावर.
अकरा हिवाळे झाले, गाडीचं एक चाक बदललं,
बाकी सगळं तेच.

बाईंनी खडू उचलला, ठेवला.
"उद्या मावशीला वर्गात आणशील? गाडीसकट?"

उर्मात मनातल्या मनात हातचा धरून
हिशोब करत राहिला.
"दिवसाचा धंदा बुडेल तिचा, बाई.
रोख द्याल, की वहीत लिहू?"