डावा हात सोडून

बार्शीच्या डॉक्टरांनी कागदावर तीन ओळी लिहून दिल्या:
पेशी मोजल्याशिवाय सुई नाही.
केमो चालू आहे तोवर काढा कुठलाच नाही.
डावा हात सोडून.
मी तो कागद मागाच्या खिळ्याला अडकवला,
जिथं चादरींच्या ऑर्डरी अडकवतो.

ओ मी-रान बाईंना हारिका पुण्याहून घेऊन आली.
तिच्या कंपनीतल्या साहेबांच्या त्या बायको,
तिकडं बुसानला वीस वर्षं दवाखाना.
आल्या त्या आधी कागद वाचायला, हारिकाच्या तोंडून, दोनदा.
मग नागमणीच्या मनगटावर तीन बोटं ठेवून
इतका वेळ गप्प बसल्या
की मीच उठून मागाची मोटर बंद केली.

मी सरळ विचारलं:
हाडात उतरलेलं माघारी येतं का?
हारिकानं कोरियनमध्ये विचारायला उशीर केला.
उत्तराला उशीर लागला नाही.
नाही. झोप लागेल थोडी. ओकारी कमी होईल,
"आमा."
नागमणीला वाटलं, अम्मा म्हणाल्या.
तीही म्हणाली, अम्मा.
हारिका म्हणाली, आमा म्हणजे बहुतेक.
मग तिघी हसल्या, आणि मी चहा ठेवायला गेलो.

बोटांचं बघू, असंही म्हणाल्या होत्या.
एकतीस वर्षं रोजच्या हजार विड्या वळलेली बोटं,
सलाईननं बधिर केलेली.
तेंदूचं पान हातात आहे की गळालं
हे तिला बघून कळायचं.
कप दोनदा पडला.
तिसऱ्यांदा तिनं मागितलाच नाही.

बाईंनी भिंतीला एक चित्र टेकवलं,
उघडा माणूस, अंगभर ठिपके, ठिपक्यांतून रेघा.
एक अक्षर कळेना, तरी ओळखीचं वाटलं.
चाळीस वर्षं मी जेकार्डची कार्डं पाडतो.
भोक असेल तिथं सुई आत जाते, दोरा उचलला जातो;
नसेल तिथं नाही.
एवढ्यावर मोर उभा राहतो.
पण माझ्या चुकलेल्या भोकाला चिकटपट्टी लावता येते.

सुया केसाएवढ्या. उजवा हात, दोन्ही पावलं.
मग कसल्याशा वाळल्या पाल्याची कांडी पेटवून
कातडीपासून दोन बोटं वर धरली.
घर धुरकटलं. शेजारच्या बोल्लीण खोकत डोकावल्या.
नागमणी डोळे न उघडता म्हणाली, दवनम.
खरंच दवणा!
हारिका फोन चाळून म्हणाली, एकाच कुळातलं झाड आहे.
बाईंनी दवणा पाहिलेला नव्हता.
चैत्र होता, म्हणून मधल्या मारुतीजवळून दोन जुड्या आणल्या.
त्यांनी वास घेतला,
आणि एक जुडी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

तीन शनिवार आल्या.
पहिल्यानंतर ती सलग पाच तास झोपली,
मी तीनदा उठून श्वास बघितला.
दुसऱ्यानंतर काहीच फरक नाही.
तिसऱ्याला रिपोर्टात पेशी घसरलेल्या,
बाईंनी डबी उघडली, आकडा ऐकला, डबी मिटली.
पुण्याहून पाच तास करून आलेल्या,
नुसती पावलं मांडीवर घेऊन बसल्या
गाडीची वेळ होईपर्यंत.

परवा नागमणीनं सूप जवळ ओढलं.
एक पान उचललं, नजर दाराकडं ठेवून.
म्हणाली, शीर लागली.
मी घाबरलो. कुठली?
पानाची, म्हणाली.
वळलेली विडी सैल झाली, कारखान्यात कुणी घेतली नसती.
ती खिळ्याजवळच्या फळीवर आहे.

बार्शीला सांगितलं. डॉक्टर म्हणाले,
औषधाचा डोस कमी केलाय, त्यानंही असेल.
असेल.
कांड्या दोन उरल्यात.

आणि डावा हात,
सुईनं सोडलेला, धुरानं सोडलेला,
बीपीच्या पट्ट्यानंही सोडलेला,
सुजून नव्या चादरीच्या घडीएवढा झालाय.
रात्री तो उशीवरून घसरतो.
मग मी खाली माझा हात घालतो,
आणि पहाटेपर्यंत दोन्ही बधिर.