रोड नंबर सोळा

पाण्याच्या टाकीत गोळी झाडते.
बुडबुडे विरले की रबर लावलेल्या चिमट्याने उचलते,
माझा ओरखडा तिच्यावर पडता कामा नये.

चांगल्या नळीला आतून आटे असतात.
गोळीला पीळ देतात,
आणि पिळासोबत नाव-गाव.
हा कट्टा गावठी. स्टिअरिंगच्या पाइपची नळी,
आत गुळगुळीत, मुकी.

म्हणून रिकामी पुंगळी घेतली.
डाव्या भिंगाखाली माझी,
उजव्या भिंगाखाली भिवंडीच्या गोदामात
तुळशीराम भोईरच्या खाटेजवळ सापडलेली.
फिरवत राहिले, केसभर, केसभर.
पिनचा ठोका दोन्हींवर मध्यापासून जरा खाली.
पेंद्यावर गोल चरे, एकात एक,
आणि तिसऱ्यानंतर एक खोल, वाकडा.

हा चरा बंदुकीचा नाही.
हा लेथचा.

वागळे इस्टेटमधल्या सोळा नंबरच्या शेडला
आता कुरियरवाल्यांचं कुलूप आहे.
अण्णा तिथे एकतीस वर्षं टर्नर.
बोल्ट उन्हात तिरका धरून सांगायचे,
हा सकाळचा, हा सुट्टी व्हायच्या घाईतला.

अहवालात मी एवढंच लिहिलं:
दोन्ही पुंगळ्या याच शस्त्रातून.

केस घरी न्यायची नाही, हा नियम.
तरी भाकरी मोडताना विचारलं,
टूलचा टवका उडाला तर?

घासायचं, अण्णा म्हणाले.
आळशी माणूस तसंच चालवतो.
मग बराच वेळ ताटाकडे बघत,
किंवा ज्याच्याकडे दुसरं नसतं तो.