रकाना नववा

‘हेच विद्यापीठ का निवडलंत?’
तीन ओळी सोडल्यात उत्तराला.

काबुला लिहिते: श्रद्धा.
मग खोडते. रविवारी ती उशिरापर्यंत झोपते,
आणि घरचे तर चर्चचे नाहीतच.

खरं तर म्वान्झाची बस इथवर येऊन वळते.
पुढं जायला पैसेही नव्हते.
शिवाय त्या दिवशी बाबांच्या हातांना
सरोवरातल्या सुकटीचा वास होता,
ते हात मागं लपवून उभे, फीच्या खिडकीशी.
सिस्टर युदोक्सियानं
उरलेली रक्कम पेन्सिलीनं मांडली,
शाईनं नाही.
वर विचारलं, सुकट कशी दिलीत आज?
तेव्हा बाबांचा एक हात पुढं आला,
भाव सांगायला.

हे तीन ओळींत कुठलं मावायला.
काबुला लिहिते: दर्जेदार शिक्षण.

रकाना दहावा: वडिलांचा व्यवसाय.
इथं पेन अडत नाही.