मंगळवार, रात्री आठ, केटरिंग

बाहेर चिवट पाऊस. आम्ही दोघं
कालचा आमटीभात मांडीवर घेऊन
टीव्हीसमोर.

तंबूत ऑल्विन, रिटायर्ड लिफ्टदुरुस्तीवाला,
ओव्हनच्या काचेपुढे उकिडवा बसलाय,
जणू आत नात जन्माला येतेय.
"ये गं, वर ये," म्हणतो.
जन्मभर लिफ्टना म्हणाला असेल, तसंच.

केक येत नाही वर.

त्याचं तिमजली दीपगृह कलतं,
साखरेचा समुद्र टेबलावरून ओघळतो,
आणि शेजारची ग्वेंडा, जिला त्याला हरवायचंय,
स्वतःचं क्रीम वितळू देऊन
दोन्ही हातांनी दीपगृह धरून उभी.

माझा घास हातातच.
हे म्हणतात, "अगं, मैदाच तो."
पण यांचाही हातातच.

परीक्षक चमचा घालतात. गप्प.
मग, "चव मात्र छान."
कलंडलेल्या माणसाशी इतकं हळू बोलतात
हे मी या देशात टीव्हीवरच पाहिलं.

जाहिराती. "आमटी कशी झालीय?"
सव्वीस वर्षांचं उत्तर: "ठीक."
मग घसा खाकरून, परीक्षकाच्या सुरात,
"पोत उत्तम. बुडाला जरा लागलीय."

मी उठून ओव्हन उघडते.
कढई, दोन तवे, इडलीपात्र,
घर घेतल्यापासून तिथेच.
मागून हे विचारतात,
"आणि हे सगळं ठेवायचं कुठे?"