दोनशे वीसच्या आत

आर्वाइखेर. इस्पितळाचा दुसरा मजला.
बाहेर उणे एकतीस, खिडकीला आतून बर्फ.
चार नंबरच्या खाटेवर लुव्सानदोर्ज,
शाळेच्या बॉयलरचा भट्टीवाला,
उजवा हात चादरीवर
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
तोंडात खूप काही आहे, बाहेर येतं एवढंच:
"हे... हे..."

पडद्यावर एकशे अठ्ठ्याण्णव.

त्सेर्मा माझी बाही धरते.
"गोळी द्या ना. रोजचीच. ही बघा, पिवळी.
रोज तो विसरायचा, मी ओरडायचे.
आज मी विसरले नाहीये."
तिच्या तळहातावर गोळी घामानं रंग सोडते.

मी तिला सोलोंगो डॉक्टरांचंच सांगते:
नस तुंबलीय, फुटलेली नाही.
तुंबल्याच्या पलीकडं मेंदूचा एक तुकडा
धड मेलेला नाही, धड जिवंत नाही,
आडवाटेनं येणाऱ्या रक्तावर तग धरून आहे.
आत्ता दाब पाडला तर ती आडवाटही सुकेल.
दोनशे वीसच्या आत आहे तोवर
आज हात लावायचा नाही.

सांगताना माझंच मला खोटं वाटतं.
बावीस वर्षं तंबूतंबूत हेच बोलत फिरले,
दाब कमी करा, मीठ कमी करा,
आणि लोकांनी मला खारा चहा पाजला.
नाही म्हणवत नाही. मीही प्याले.
खाल्ल्या मिठाला जागतात इथल्या नसा,
एका पहाटे सगळं एकदम फेडतात.

त्सेर्मा बराच वेळ गप्प.
मग म्हणते, "जानेवारीत पाइप गोठला की
तोही दाब पाडू द्यायचा नाही कुणाला.
शेवटच्या वर्गातली पोरं गारठतील म्हणायचा.
रात्रभर काट्यापाशी बसून राहायचा."
पाइप वेगळा, नस वेगळी.
पण मी वाद घालत नाही,
एक स्टूल तिच्याकडं सरकवते.

चारला पट्टा फुगतो, करकरतो, सुटतो.
दोनशे सतरा.
पुन्हा घेते. दोनशे अठरा.
इंजेक्शन ट्रेमध्ये, फोन भिंतीवर.
तो डाव्या हातानं चादर ओढतोय,
"हे... हे..."
आणि मग मला कळतं, किती उशिरा कळतं.
पांघरूण काढून हात ठेवते:
ओटीपोट दगडासारखं टणक.
दुपारपासून लघवी झालेली नाही माणसाला,
आणि आम्ही सगळे त्याच्या डोक्याकडं बघत बसलोय.

नळी घातली. आठशे मिली.
साडेचारला एकशे शहाऐंशी.
त्सेर्मा तोंडावर हात घेऊन हसते, लाजते.
नवऱ्याच्या लघवीवर इतकं खूश
कुणी झालं नसेल.

गोळी उद्या-परवा सुरू होईल, बेताबेतानं,
आणि मग जन्मभर. हे अजून तिला सांगितलेलं नाही.
थर्मासमधला चहा गार झालाय.
गिळता येतं का ते तपासल्याशिवाय
घोटभरसुद्धा नाही, हे मात्र दोनदा सांगितलंय.

आठच्या सुमाराला फटफटतं.
शाळेच्या धुराड्यातून जाड, काळा धूर.
त्याच्या जागी कुणीतरी नवखा कोळसा टाकतोय.
लुव्सानदोर्ज धुराकडं बघतो,
डावा हात हवेत उचलतो
आणि काहीतरी अर्धा फेरा फिरवतो.
उघडतोय की बंद करतोय?
मी त्सेर्माला विचारते.
"थांब," ती म्हणते, "अजून बघू दे."