गोड पाणी

पिपेट तोंडानं ओढायची, एवढंच शिकवलं होतं.
रेघेपर्यंत चढलं की वर चटकन बोट ठेवायचं,
मग सोडायचं साखरेच्या पाण्यात.
चुकून एखादा थेंब घशात जायचा.
कडू नव्हता. गिळायचो.

होटगी रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
उमराण बोरांवरच्या माश्या पाळल्या होत्या आम्ही,
मलमलीच्या पिंजऱ्यात.
नरांना ते पाणी पाजायचं,
पाठीवर गुलाबी ठिपका द्यायचा, ब्रशच्या एका केसानं,
आणि सोडायचं बागेत, नवरदेवासारखं.
पुढचं सगळं रीतसर व्हायचं.
अंडीसुद्धा पडायची.
फुटायची नाहीत.

बाटलीवर इंग्रजी बारीक अक्षरं होती,
कवटी नव्हती.
कवटी असती तर कळलं असतं.
हातमोजे होते की. दोन जोड्या, कपाटात.
पुण्याहून पाहुणे आले की घालायचो,
फोटोपुरते.
बोटांची सालं निघायची तेव्हा
साहेब म्हणायचे, सोलापूरचं ऊन, श्रीहरी, दुसरं काय!

नोंदवही माझ्याकडे. अक्षर वळणदार म्हणून.
आज बाहेर आलेल्या अळ्या : शून्य.
त्या शून्यावर साहेबांना बढती मिळाली,
मला भिंतीवरचं घड्याळ.

इकडे दाजी पेठेत
नागमणीला तीनदा तपासलं सिव्हिलच्या बाईंनी.
आईनं मार्कंडेयाच्या देवळात तिला
ओल्या लुगड्यानं फेऱ्या घालायला लावल्या,
मृकंडूलाही उशिराच झालं होतं, म्हणायची.
शेजारणींनी ओटी भरायचं टाळलं.
माझं नाव कुणाच्या डोक्यात आलं नाही.
माझ्याही.

अकराव्या वर्षी नवी पेठेतल्या एका लॅबमध्ये
चोरासारखा बसलो.
काचेपलीकडच्या पोराच्या हातात पिपेट होती,
वर लाल रबरी फुगा लावलेली.
दाबला, सोडला, पाणी आपोआप चढलं.
तोंड लावलंच नाही त्यानं.
कागद माझ्या हातात आला तरी
मी त्या फुग्याकडेच बघत होतो.
कागदावर माझाच आकडा होता,
फक्त अक्षर दुसऱ्याचं.

रात्री नागमणीला सांगितलं. सगळं.
थेंबाचंसुद्धा.
तिची कात्री तेंदूच्या पानात अर्ध्यावर थांबली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
त्या माश्यांच्या बायकांनाही
फेऱ्या घालायला लावायचे का हो कुणी?

आणि पान पुरतं कापून
पुढचं घेतलं.